पराटीच्या मुलखात

आमच्या दादांनी कापसात बावीस वर्षे काढली आणि त्या बावीस वर्षांत कापसाचे शेत एकदाही पाहिले नाही, असे सांगितले तर तुम्हांला चटकन पटणार नाही. मलाही ते फार उशिरा उमगले. आमच्या कोकणात भात, नाचणी, आंबा, काजू. कापूस म्हणजे परसातले देवकापसाचे एखादे झुडूप, तेही देवापुढच्या वातींपुरते. १९६० साली अठरा वर्षांचे दादा बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले, लालबागेत गावकीच्या खोलीत वळकटी टाकली आणि एका गिरणीच्या कार्डिंग खात्यात बदली म्हणून लागले. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्या दिवशी बाहेर पडले. दादाही पडले, ते पुन्हा आत गेले नाहीत. त्यांची गिरणी आज नाही. तिथे काचेची उंच इमारत आहे आणि तिच्या तळाशी एक दुकान आहे, त्यात सुती सदरे विकतात. किमती मी दादांना सांगितलेल्या नाहीत.

आता हा प्रवास कसा घडला ते सांगतो. माझी धाकटी मुलगी हिंगणघाट तालुक्यात दिली आहे. जावई शिकलेले, पण घरची शेती आहे आणि ती अजून नेटाने करतात. २०२४ च्या दसऱ्याला व्याह्यांनी घरच्या कापसाची एक गादी आमच्याकडे पाठवली. आम्ही सगळे गादीचे कौतुक करीत होतो. दादांनी मात्र चष्मा लावला, शिवणीचे दोन टाके उसवले, आतून चिमूटभर कापूस ओढला आणि दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून तो पुन्हा पुन्हा ओढीत, जुळवीत बसले. सगळे तंतू एका रांगेत आले तेव्हा त्यांनी ती झुलपी आपल्या काळ्या टोपीवर ठेवली.

"लांब आहे," ते म्हणाले. "गादीत घालायचा माल नव्हे हा. याचा साठ नंबर निघेल."

"गादी उसवलीत तुम्ही!" सौभाग्यवती म्हणाल्या.

मी हे व्याह्यांना फोनवर गंमत म्हणून सांगितले. ते हसले नाहीत. म्हणाले, "तं मग घेऊन या ना जी दादांना. वेचणी सुरू आहे. पाहू द्या त्यांना." विदर्भात व्याह्याला 'इवाई' म्हणतात. या इवायाने आग्रह असा धरला की डॉक्टरांची नाराजी पत्करून, औषधाचा पंप खिशात घालून, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ब्याऐंशी वर्षांच्या दादांना घेऊन मी विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसलो. डॉक्टरांची नाराजी का, ते पुढे येईलच.

ज्या लोखंडी रस्त्याने आम्ही चाललो होतो, तो मुळात माणसांसाठी नव्हे तर कापसासाठी घाईने पुढे नेला गेला, असे म्हटले तरी चालेल. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. मग साहेबाला वऱ्हाडची काळी जमीन आठवली. युद्ध १८६५ साली संपले, भाव कोसळले, मुंबईतल्या कित्येक पेढ्या बुडाल्या. पण रुळांचे काम चालूच राहिले आणि १८६७ साली गाडी नागपूरला पोहोचली. त्यानंतर दहा वर्षांनी, १ जानेवारी १८७७ रोजी, जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. कापूस मुंबईला नेण्यापेक्षा गिरणीच कापसाजवळ आणावी, हा त्यांचा साधा हिशेब. मूर्तिजापूर आणि पुलगावहून फुटणाऱ्या छोट्या रुळांच्या गाड्यांना लोक प्रेमाने 'शकुंतला' म्हणत. त्याही याच पांढऱ्या मालासाठी.

धामणगावच्या सुमारास उजाडले. दादा रात्रभर जवळजवळ जागेच होते. खिडकीला नाक लावून म्हणाले, "हे काळं काय रे? सगळं जळलंय की काय?" मी म्हटले, "दादा, ही जमीन आहे." तांबड्या कातळावर वाढलेल्या माणसाला काळी माती जळल्यासारखीच वाटणार. उन्ह जरा वर आले आणि त्या काळ्यावर पांढरे ठिपके दिसू लागले. मग ठिपके वाढत गेले. वर्धा येईपर्यंत दादा एक अक्षर बोलले नाहीत.

वर्ध्याला जावई गाडी घेऊन आले होते. वाड्यात पाऊल टाकले तो समोरच्या खोलीचे दार अर्धे उघडे आणि आत जमिनीपासून वाशांपर्यंत कापूस! माझ्या नातवाने आम्हांला नमस्कार करण्याऐवजी त्या ढिगात सूर मारला. मुंबईच्या मुलांना समुद्र, इकडच्या मुलांना हा. विहीणबाई म्हणाल्या, "हौस वाटते जी पाहुण्यांना. आमचं अंग खाजून खाजून जाते." घरात दोन महिने कापूस साठवून त्याच्याशेजारी झोपणे ही काही काव्यमय गोष्ट नाही, हे मला दुसऱ्या रात्री कळले.

दुपारी शेतावर गेलो. कापसाच्या झाडाला इकडे पराटी म्हणतात. कमरेएवढी, काटक, काळपट तांबूस काड्यांची. एकाच झाडावर सगळा संसार: वर शेंड्याला एखादे उशिराचे फूल, मध्ये हिरवी बोंडे, खाली फुटलेली. फूल पहिल्या दिवशी फिकट पिवळसर असते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटते आणि त्याखाली बोंड धरते. ते पिकून फुटायला दीड-दोन महिने लागतात. या दोन महिन्यांत बोंडाच्या आत काय चालते, हे जावयांनी बांधावर बसून समजावले तेव्हा मी थक्क झालो.

सरकीच्या, म्हणजे बीच्या, कातडीवरची एकेक पेशी लांब होऊ लागते. कापसाचा एक तंतू म्हणजे एकच पेशी! पहिले तीनेक आठवडे ती नुसती लांब होते. जाडीने इंचाचा हजारावा हिस्सासुद्धा नाही, पण लांबीने इंचभर किंवा थोडी अधिक. मग लांबी थांबते आणि आतून भिंत जाड होऊ लागते, रोज एक थर, जणू आतून सारवण चालावे तशी. त्या दिवसांत पाऊस, ऊन, खत यांपैकी कशाची आबाळ झाली तर थर पातळ राहतो आणि तंतू कच्चा निघतो. कच्च्या तंतूवर रंग नीट बसत नाही, त्याच्या बारीक गुठळ्या होतात. तुमच्या सदऱ्यावर एखादा न रंगलेला पांढुरका ठिपका दिसला, तर त्याचे मूळ कुठल्यातरी शेतात सप्टेंबर-ऑक्टोबरात पडलेल्या ताणात असू शकते.

बोंड फुटले की तंतू पहिल्यांदा वाऱ्याला लागतो आणि वाळतो. वाळताना ती पोकळ नळी चपटी होते आणि तिला आपोआप पीळ पडतो. हा पीळ हीच कापसाची सगळी करामत. सावरीच्या बोंडातही कापूस असतो, रेशमासारखा मऊ, पण त्याचा तंतू गुळगुळीत सरळ. एकाला दुसरा धरीत नाही, म्हणून सावरीच्या उशा होतात, धोतर होत नाही. पराटीचा तंतू मात्र शेजाऱ्याला बिलगतो.

"म्हणजे पीळ आम्ही नंतर देत होतो," दादा म्हणाले, "पहिला पीळ त्याचा त्यानेच घेतलेला असतो."

वेचणीला दहा-बारा बाया होत्या. कमरेला ओटी बांधलेली, दोन्ही हात दोन झाडांवर. कोष बोटांनी असा उचलायचा की कापूस सगळा यावा आणि पाला मुळीच येऊ नये. दिसायला सोपे, मी पाच मिनिटे प्रयत्न केला, तर माझ्या ओटीत कापसापेक्षा कचरा जास्त आणि बोटांना वाळलेल्या बोंडाच्या टोकांचे ओरखडे. एका म्हाताऱ्या बाईने माझी ओटी पाहिली आणि तोंडाला पदर लावला. मजुरी किलोला दहा रुपये. कापूस वजनाला इतका हलका की किलोभर व्हायला किती वेळ वाकावे लागते, याचा हिशेब मी मनातल्या मनात केला आणि सोडून दिला.

इथे एक प्रसंग घडला. दादा एका फुटलेल्या बोंडाजवळ वाकले होते. बोंडाच्या तळाशी तीन दातेरी पाने असतात. बोंड पिकते तोवर ती वाळून कोळ होतात आणि हात लागताच चुरा होऊन कापसाला चिकटतात. दादांनी तो चुरा चिमटीत घेतला, चोळला, आणि कितीतरी वेळ पाहत राहिले.

"हीच ती," ते म्हणाले.

"काय, दादा?"

"काडी. कार्डिंगमध्ये तारांत अडकायची ती हीच."

आता सांगतो. कार्डिंग खात्यात एक मोठा पिंप गरगर फिरत असतो, त्याच्या अंगभर तारांची बारीक टोके. कापूस त्यांवरून जाताना तंतू न् तंतू सुटा होतो आणि पलीकडून धुक्यासारखा पापुद्रा बाहेर पडतो. पाहायला फार सुंदर. पण मागे तारांत जो कचरा उरतो तो वरचेवर काढावा लागतो, आणि ते काम दादांचे. रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेले की छातीवर कुणी दगड ठेवल्यासारखे होई. मंगळवारी कमी, बुधवारी नाहीसे. खात्यातले सगळेच म्हणत, "सोमवार आहे, असं होणारच." पुढे पुढे सोमवार आठवडाभर टिकू लागला. डॉक्टरी पुस्तकात याला बिसिनोसिस म्हणतात, आणि दोष शुद्ध कापसाचा नसून त्यात आलेल्या या वाळक्या पानांच्या धुळीचा, तिच्यावर वाढणाऱ्या जंतूंच्या विषाचा आहे, असे त्यात लिहिले आहे. गिरणीने तोंडाला बांधायला फडका दिला होता. संपानंतर दादा कधी कुणाकडे काही मागायला गेले नाहीत. गेले असते तरी दाराशी कोण उभे होते?

दादांनी तो चुरा वाऱ्यावर सोडला नाही. रुमालाच्या टोकात बांधला. मी विचारले नाही.

संध्याकाळी अंगणात मात्र ते खुलले. नातवंडांना जमवून त्यांनी तांब्याभर पाणी मागवले आणि ताज्या कापसाची बोंडी त्यावर टाकली. कापूस तरंगत राहिला. बोटाने दाबला तरी वर आला. मग जावयांच्या औषधाच्या डब्यातला कापूस टाकला, तो क्षणात पाणी पिऊन तळाशी गेला. मुले अवाक्. "कापसाच्या अंगावर मेण असतं," दादा म्हणाले. "देवानं दिलेला रेनकोट. सोड्यात उकळलं की तो उतरतो, मग कापूस पाणी पितो. कोऱ्या मांजरपाटावर पाणी टाकून बघा, थेंब उभा राहतो. गिरणीत कापड आधी उकळायचे ते यासाठीच." वाचकहो, हा प्रयोग घरी करून पाहा, खर्च काही नाही.

त्याच ओघात गोष्टी निघत गेल्या. सूत ओले झाले की कमजोर होत नाही, उलट बळकट होते, म्हणून तर धोबी सुती धोतर दगडावर आपटू शके. रेयॉन आपटले असते तर चिंध्या झाल्या असत्या. मर्सराइज केलेल्या धोतराची चमक कुठून येते, तर जॉन मर्सर नावाच्या इंग्रजाने १८४४ च्या सुमारास सुती कापड कॉस्टिकमध्ये बुडवले तेव्हा तो चपटा, पिळलेला तंतू फुगून गोल झाला. पुढे कापड ताणून धरून हेच केल्यावर त्याला चकाकी आली आणि रंगही गडद बसू लागला. सुती कपडा चुरगळतो म्हणून आपल्या बायका करवादतात. पण घाम पिणारा तंतू पाण्याबरोबर थोडा सैल होणार आणि वाळताना जशी घडी असेल तसाच बसणार. एकाच गुणाची ती दुसरी बाजू. टेरिलीन चुरगळत नाही आणि मे महिन्यात अंगाला चिकटते. मधला मार्ग म्हणून टेरिकॉट आले, आणि माझ्या लग्नातला सूट त्याचाच होता, हे कबूल करतो.

व्याह्यांची शेती चौदा एकरांची, त्यांतल्या आठांत कापूस. रात्री जेवणे झाल्यावर त्यांनी आपला हिशेब मांडला. हिंगणघाटचे नाव एके काळी विलायतेच्या बाजारात मालाचे नाव म्हणून चाले. इथला देशी बनी कापूस तलम म्हणून नावाजलेला. मग लांब धाग्याची अमेरिकन जात आली. १९७० साली सुरतेहून एच-४ हे पहिले संकरित वाण निघाले, आणि २००२ साली बीटी. "बीटी आली तवा चार-सहा वर्षं लई बरं वाटलं," व्याही म्हणाले. "बोंडअळी गेली असं वाटलं. मग गुलाबी अळी फिरून आली." २०१७ साली त्या अळीने विदर्भात बोंडे आतून पोखरली, त्याच हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, ते आपण वर्तमानपत्रांत वाचलेच आहे. आता बियाणे दरवर्षी विकत, फवारणी विकत, वेचणी किलोवर. २०२४-२५ च्या हंगामाचा सरकारी हमीभाव लांब धाग्याला क्विंटलला ७,५२१ रुपये. तो पदरात पडेल तर ठीक. पडेल तर.

पडेल की नाही, ते तिसऱ्या दिवशी दिसले.

अठरा क्विंटल कापूस ट्रॉलीत भरून आम्ही सगळे हिंगणघाटच्या बाजूच्या एका जिनिंगवर गेलो. नाव सांगत नाही. मजुरांचे पैसे आणि सोसायटीचा हप्ता तोंडावर होता, म्हणून खासगी व्यापाऱ्याकडे आधी जायचे ठरले होते. त्याचा माणूस ट्रॉलीवर चढला, दोन मुठी उपसल्या, नाक मुरडले. "धागा आखूड आहे. ओल पण आहे. अडुसष्टशे."

व्याह्यांचा चेहरा पडला. मग त्यांना एकदम आठवण झाली. "आखूड कसा? हे आमचे दादा. मुंबईच्या गिरणीत बावीस वर्षं होते. यायले विचारा."

चार लोक जमले. दादांनी टोपी काढली, चिमूट ओढली, अंगठ्यांत धरून जुळवली. सात-आठ वेळा. झुलपी काळ्या टोपीवर ठेवून तिच्या दोन्ही टोकांना नख लावले.

"अठ्ठावीस मिलिमीटरच्या खाली नाही हा," ते म्हणाले. "आखूड म्हणू नका. हे खोटं आहे."

त्या माणसाने टोपीकडे पाहिले, दादांकडे पाहिले. वाद घातला नाही. जाणकाराला जाणकार ओळखतो. फक्त म्हणाला, "बरं. धाग्याचे शंभर वाढवतो. आणि ओल, बाबा? ओलीचं काय म्हणता?"

सगळे दादांकडे पाहू लागले. व्याही हसत होते. दादांनी ट्रॉलीच्या फळीच्या फटीतून, खालच्या बाजूने, कोपरापर्यंत हात घातला. मूठभर कापूस ओढून गालाला लावला.

"वरचा कोरडा आहे," ते म्हणाले. "तळचा दमट आहे."

व्याह्यांचे हसू कुठे गेले ते कळले नाही. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले. मुलीच्या सासरी, चार लोकांत, त्यांच्याच ट्रॉलीशी उभे राहून! मी दादांच्या कानाशी लागलो, "दादा, गप्प बसला असतात तर—" ते म्हणाले, "आणि लांबीचं माझं कोण मानणार होतं मग?"

ओल हा काही नुसता तक्रारीचा विषय नव्हे. कापूस हवेतले पाणी ओढतोच. चांगल्या वाळलेल्या मालातही शेकडा आठ भाग पाणी असायचेच. सरकारी खरेदीत आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे बारापर्यंत टक्क्याला टक्का कापतात, आणि बाराच्या वर माल घेत नाहीत. दमट कापूस जिनिंगमध्ये नीट सुटत नाही, तंतूंच्या गाठी पडतात. ढीग करून ठेवला तर आतून तापतो आणि पिवळा पडतो. शिवाय घेणारा पाण्याचे पैसे का देईल? हे सगळे खरे. पण दादांनी ते त्याच क्षणी सांगायला हवे होते का, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

व्याह्यांनी निम्मा माल एकोणसत्तरशेने तिथेच घातला, कारण पैसे लागणारच होते. निम्मा परत नेला. वजन होईपर्यंत वेळ होता, म्हणून तिथल्या फिटरने दादांना आत नेले. मी त्यांच्या तोंडाला ओले उपरणे बांधले आणि पाचच मिनिटे, अशी अट घातली. यंत्रांची रांग धडधडत होती. प्रत्येकात चामड्याच्या चकत्यांचे दोन रूळ. रूळ कापूस ओढतात, त्यांना लागून असलेली सुरी सरकीला अडवते आणि हलती पट्टी तिला खाली पाडते. रुई पुढे, सरकी तळाला. शंभर किलो कापसात रुई साधारण चौतीस किलो, बाकी बहुतेक सरकी. ती तेलाच्या घाण्याला आणि पेंड होऊन गाईम्हशींना. करवती दात्यांचे यंत्र जास्त भराभर काम करते, पण तंतू जास्त तुटतो, म्हणून आपल्याकडे हे रूळच टिकून आहेत.

पलीकडे दाबयंत्रात रुईची गाठ बांधली जात होती. १७० किलोची, पट्ट्यांनी करकचून आवळलेली. दादांनी गाठीवर तळहात ठेवला. "आमचं इथून सुरू व्हायचं," ते ओरडून म्हणाले, कारण आवाजात काही ऐकू येत नव्हते. "गाठ फोडायची, ब्लो रूम, मग आम्ही, मग फ्रेम, रिंग, वाइंडिंग, साचा. मला वाटायचं, कापूस असाच असतो. चौकोनी!" आणि ते हसू लागले, हसता हसता खोकला आला, आणि मी त्यांना बाहेर आणले.

त्या रात्रीचे जेवण कसे झाले ते विचारू नका. पानावर वांग्याची भाजी फार उत्तम होती. कुणी तसे म्हटले नाही. माझी मुलगी वाढता वाढता माझ्याकडे पाहीना. शेवटी विहीणबाईंनीच तोंड फोडले. "मी सांगत होती ना जी," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "दव उतरल्याबिगर बायांना वावरात जाऊ देऊ नका. आणि भिंतीकडचा ढीग पलटवा म्हटलं, तं कोण ऐकते." व्याही भाकरीचा तुकडा मोडीत गप्प राहिले. मग म्हणाले, "दादा, उद्या अंगणात पसरू. किती दिवस लागतीन?"

"ते मला काय ठाऊक?" दादा म्हणाले. "आमच्याकडे गाठ यायची."

दोन दिवस उन्हे कडक होती. अंगण, ओटा, गच्ची, सगळीकडे कापूस पसरला. वर्ध्याला जाऊन मगन संग्रहालय पाहायचे मी ठरवले होते, ते त्यातल्या एका दुपारी उरकले. १९३८ च्या ३० डिसेंबरला गांधीजींनी त्याचे उद्घाटन केले. चरखे तऱ्हेतऱ्हेचे आहेत, पण दादा थांबले ते पिंजणीच्या धनुकलीपुढे. "आमचा तो एवढा मोठा पिंप, आणि काम एवढंच," असे काहीसे पुटपुटले. परत येताना गाडीत झोपले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती वेचणीतली म्हातारी बाई आली, माझ्या ओटीला हसलेली. तिने ढिगाच्या मधून एक बोंडी उचलली, सरकी काढली आणि दाढेखाली धरली. कट्! असा कोरडा आवाज झाला. "झाला," ती म्हणाली आणि थुंकून निघून गेली. दादांनी मान वर करून तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहिले. मग त्यांनीही एक सरकी घेतली, पण कवळी आड आली.

सरकारी केंद्रावर यंत्राची सुई नऊवर थांबली. क्विंटलमागे पंच्याहत्तर रुपये कापले गेले. बाकी भाव पूर्ण. पहिल्या निम्म्या मालावर जे गेले ते गेलेच. क्विंटलला साडेपाचशेच्या आसपास, नऊ क्विंटल. व्याह्यांनी तो आकडा आमच्यासमोर काढला नाही. स्टेशनवर पोहोचवायला आले तेव्हा दादांच्या हाती एक फडक्याचे गाठोडे दिले. आत पाच-सहा फुटलेली बोंडे, काड्यांसकट. "मुंबईत दाखवाले," म्हणाले.

ती बोंडे आता डोंबिवलीच्या आमच्या घरात, शोकेसमध्ये, दादांच्या गिरणीच्या पासाशेजारी आहेत. रुमालातला चुरा कुठे ठेवला, ते त्यांनी मला सांगितलेले नाही.

जानेवारीत व्याह्यांचा फोन आला. शेवटची वेचणी झाली होती, मळभ होते, गाडी भरायची होती. "दादांना विचारा ना जी, अजून किती दिवस वाळू घालू?"

मी फोन दादांकडे दिला. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"मला काय विचारता, इवाई," ते म्हणाले. "त्या बाईंना बोलवा. आणि सरकी मधल्या ढिगातली द्या म्हणावं, वरची नको."